विसोबा साळिंदराची किंकाळी

एका जंगलात सोमवार ते शुक्रवार सगळे प्राणी एकमेकांना घाबरत असत, आणि शनिवार-रविवार पाण्याला घाबरायला मुद्दाम नदीवर जात असत.

पूर्वी असं नव्हतं, मुलांनो. पूर्वी नदीवर पाणी प्यायला जात. पाणी पिऊन झालं की घरी येत. कुणी चुकून पाण्यात पडलंच, तर बाहेर येऊन अंग झाडत आणि कुणाला काही बोलत नसत. पाण्यात पडणं ही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट आहे, हे तेव्हा ठाऊकच नव्हतं.

मग एका पावसाळ्यात पुराबरोबर शहराकडून रबराची एक पिवळी नाव वाहत आली आणि उंबराच्या मुळांत अडकून बसली. तिच्यावर काळ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. जंगलात वाचता कुणालाच येत नसे. मुरारराव कोल्ह्यालाही येत नसे. पण त्याने नावेभोवती एक फेरी मारली, नसलेला चष्मा नाकावर सावरला आणि सांगितलं, "यावर लिहिलंय की जो कधी बुडता बुडता वाचला नाही, तो जगलाच नाही."

सगळ्यांना ते लगेच पटलं. छापलेलं होतं ना.

त्या दिवसापासून मुरारराव जलसाहसाचा संचालक झाला. नाव त्याच्या ताब्यात आली. नदी आधीपासून कुणाच्याच ताब्यात नव्हती, म्हणून तीही आली.

शनिवार उजाडला की प्राणी रांगा लावून उभे राहत. काही जण कमळाचा पोकळ देठ तोंडात धरून डोहावर पालथे पडत आणि खालचे मासे बघत. काही जण कमरेला दगड बांधून, डोक्यावर पोकळ भोपळा उपडा घालून डोहाच्या तळाशी जाऊन येत. तळाशी काय पाहिलं असं विचारलं तर म्हणत, "भोपळा आतून फार सुंदर असतो."

माशांनाही या सगळ्याची सवय झाली होती. रविवारी ते पोराबाळांना घेऊन वर बघायला येत. "ते बघ अस्वल," आई-मासा सांगायची. "घाबरू नकोस. त्याला आपण दिसत नाही. तो फोटो काढल्यासारखा चेहरा करून पडलाय."

पण खरा मान होता तो नावेचा. ती रबरी नाव धावत्या पाण्यातून खाली सोडत. वाटेत एक मोठा खळाळ होता. पाणी खडकांवरून एकदम खाली कोसळत असे. त्या जागेला 'आई-आई' असं नाव पडलं होतं, कारण तिथे पोचल्यावर सगळे तेवढंच म्हणत.

पाणमांजराला मात्र या साहसात घेत नसत. ते बिचारं पिढ्यानपिढ्या नदीतच राहत होतं आणि आई-आईवरून दिवसातून कितीदा तरी सहज खालीवर करत असे. मुराररावाने त्याला एकदा बाजूला घेऊन समजावलं. "हे बघ, तू शनिवार-रविवार घरात बसत जा. तू इतका सहज पोहतोस की पाण्याची इज्जत जाते."

आता तुम्ही विचाराल, कोण किती घाबरलं हे घरी बसलेल्यांना कळायचं कसं? त्याचीही सोय होती.

आई-आईच्या वर उंबराची एक फांदी होती. तिच्यावर चिमा नावाची मैना बसत असे. एकदा कानावर पडलेला आवाज ती जशाच्या तसा काढून दाखवायची. नाव खळाळात शिरली की जो तो तोंड वर करून चिमाच्या दिशेने किंचाळायचा. सोमवारी संध्याकाळी वडाखाली सभा भरायची. चिमा एकेकाची किंकाळी ऐकवायची आणि लोक माना डोलवायचे.

"गव्याची किंकाळी या खेपेला भरदार आहे."

"हरिणीची जरा अनुनासिक वाटते."

"तिचा स्वभावच तसा."

ज्याची किंकाळी चांगली तो पुढे बसायचा. ज्याची किंकाळीच नाही तो मागे, हत्तीच्या पाठीमागे बसायचा. तिथून हत्ती सोडून काही दिसत नसे.

या जंगलात एक वाघही होता. तो रविवारी शिकार करत नसे. सगळे आधीच किंचाळून आलेले असत, त्यामुळे त्याला त्यात काही गंमत वाटत नसे.

तर अशा या जंगलात हत्तीच्या पाठीमागे विसोबा नावाचं एक साळिंदर बसायचं. बरोबर त्याची बायको अनसूया आणि मुलगी शेवंती. विसोबा पापभीरू होता. रविवारी तो बिळाच्या तोंडाशी बसून कंद खायचा आणि आठवडाभरात गळलेले स्वतःचे काटे लांबीप्रमाणे लावून ठेवायचा. एकदा तोही नदीवर गेला होता. मुराररावाने आधी रबराच्या नावेकडे पाहिलं, मग विसोबाच्या पाठीकडे पाहिलं आणि फार गोड आवाजात म्हटलं, "विसोबा, तुमचं जे काही साहस असेल ते जमिनीवरच असू दे."

विसोबाला वाईट वाटलं नाही. उलट सुटल्यासारखं झालं. पण पुढे शेवंतीचं लग्न निघालं आणि गोष्ट अवघड झाली.

टेकडीपलीकडची साळिंदरं मुलगी बघायला आली. मुलाची आई चंद्राक्का पुढे होती. मुलाचे वडील तिच्या मागे होते आणि शेवटपर्यंत मागेच राहिले. मुलाचं नाव उत्तम. त्याला सर्दी झाली होती.

अनसूयेने ताजे कंद पुढे ठेवले. चंद्राक्काने एक उचलला, शेवंतीकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "मुलगी छान आहे. काटे लांब आहेत. बीळ कोरडं आहे. रविवारी काय करता?"

"रविवारी घरीच असतो," विसोबा म्हणाला.

"आजारी असता का?"

"नाही. बरा असतो."

चंद्राक्काने हातातला कंद परत ठेवला.

"आमच्याकडे सगळे रविवारी बुडतात," ती म्हणाली. "आमच्या बाजूला नाव नाही, पण डोह आहे. माझे सासरे बुडायचे. हे बुडतात. उत्तम तर पार तळाशी जाऊन आला. तेव्हापासून त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही."

हे तिने इतक्या अभिमानाने सांगितलं की विसोबाला आपले दोन्ही कान चांगले असल्याची लाज वाटली.

"काय म्हणालीस?" उत्तमने विचारलं. तो तिच्या उजवीकडे बसला होता.

"काही नाही रे. तुझं कौतुक चाललंय." मग ती विसोबाकडे वळली. "गैरसमज नको. मुलगी पसंत आहे. पण उद्या पाहुण्यांत कुणी विचारलं, सुनेचे वडील पाण्यात कसे आहेत, तर मी काय सांगू? कंद खातात? आम्ही सोमवारी सभेला येऊ. तुमची किंकाळी ऐकू. मग पुढचं बोलू."

पाहुणे गेल्यावर विसोबा म्हणाला, "दुसरं स्थळ बघू. जंगल मोठं आहे."

शेवंती बिळाच्या भिंतीला टेकून उभी होती. "बाबा, मला हा आवडलाय."

"अगं, त्याला ऐकू येत नाही."

"डाव्या बाजूने येत नाही. मी उजवीकडे बसेन. आणि त्याने जाताना माझा एक गळलेला काटा उचलून तुमच्या काट्यांत लावला. बरोबर लांबीच्या जागी लावला."

विसोबाने जाऊन पाहिलं. काटा खरोखरच योग्य जागी होता.

युक्ती काढली ती अनसूयेने. नदीच्या वळणावर दलदल होती. तिथे भेंड उगवायचं. भेंड म्हणजे, मुलांनो, ते पांढरं, मऊ, पिसासारखं हलकं खोड, ज्याची नवरदेवाला बाशिंगं करतात. शनिवारी सकाळी मायलेकी जाऊन भेंड घेऊन आल्या. त्याचे लहान लहान तुकडे केले आणि दुपारभर बसून विसोबाच्या प्रत्येक काट्याच्या टोकावर एकेक तुकडा खोचला.

काम पुरं झालं तेव्हा विसोबा दुप्पट मोठा आणि अगदी निरुपद्रवी दिसू लागला.

"कसा दिसतोय?" त्याने विचारलं.

"लग्नाला निघालेल्या कापसाच्या झाडासारखे," अनसूया म्हणाली. "आता किंचाळून दाखवा."

साळिंदरांना किंचाळायची सवय नसते. भीती वाटली की ती काटे खुळखुळवतात. आता काट्यांवर भेंड, त्यामुळे खुळखुळाटही बंद. विसोबाने डोळे मिटले, छाती फुगवली आणि एक आवाज काढला.

"हे पोट दुखल्यासारखं वाटतंय," अनसूया म्हणाली. "घाबरल्यासारखं नाही वाटत."

"अगं, घाबरायला काहीतरी कारण लागतं."

"शेवंतीचं लग्न मोडलंय असं मनात आणा."

विसोबाने मनात आणलं. मग त्याच्या तोंडून एक बारीकसा आवाज आला. शेवंती म्हणाली, "आता जरा बरं झालं, बाबा," आणि तोंड फिरवून बाहेर गेली.

रविवारी विसोबा नदीवर पोचला तेव्हा मुराररावाने त्याला आधी ओळखलंच नाही. मग त्याने स्वतः बोट लावून भेंड दाबून पाहिलं, दोनचार ठिकाणी हुंगून पाहिलं.

"बसा," तो शेवटी म्हणाला. "पण अगदी मधोमध बसा. एक जरी तुकडा निसटला तर आधी सांगा आणि मग बुडा."

त्या दिवशी नावेत मुरारराव स्वतः होता. गुलाबराव अस्वल होतं. त्याची किंकाळी गेला सगळा हंगाम पहिली येत होती. राजाभाऊ मोर होता. तो नदीत जायचा तो पिसारा भिजू नये याची काळजी करायला. आणि तात्या ससा होता. प्रत्येक रविवारी तो "ही माझी शेवटची वेळ" म्हणायचा.

संचालकाने प्रत्येकाच्या छातीला दोन-दोन सुके भोपळे बांधले. बुडू नये म्हणून. विसोबाला बांधता येईनात, भेंडाच्या गर्दीत गाठच बसेना. "तुम्ही तसेच चला," मुरारराव म्हणाला.

नाव सुटली. सुरुवातीला नदी शांत होती. पाणी आई-आईच्या जवळ आलं आणि वेग धरू लागलं, तसं अस्वलाने आपले भोपळे सोडायला सुरुवात केली.

"अहो गुलाबराव, हे काय करताय?" विसोबाने विचारलं.

"भोपळ्याने छाती दबते. किंकाळी खुलत नाही."

बाकीच्यांनीही पटापट भोपळे सोडले आणि नावेत टाकले. हे दर रविवारी असंच चालायचं, हे विसोबाला माहीत नव्हतं. भोपळे फक्त काठावरच्यांना दिसण्यापुरते असत.

समोर उंबराची फांदी आली. फांदीवर चिमा मान तिरकी करून बसली होती. विसोबाने शेवंतीचं लग्न मनात आणलं आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात गुलाबराव उभा राहिला.

बसून किंचाळलं तर आवाज पोटात राहतो, असं त्याचं मत होतं. म्हणून तो उठला, दोन्ही पाय नावेच्या एकाच काठावर ठेवले, दोन्ही हात पसरले आणि वर बघितलं. अस्वल एका काठावर उभं राहिलं की रबराची नाव काय करते, ते नावेवर लिहिलेलं असावं. पण वाचणार कोण?

नाव उलटली.

पुढचं सगळं पाण्यात घडलं. विसोबा खाली गेला आणि लगेच बुचासारखा वर आला. पुन्हा खाली जायचा त्याने प्रयत्नही केला, कारण सगळे खाली होते. पण भेंडाने त्याला जाऊ दिलं नाही. मग एक काळा पंजा आला आणि त्याच्या पाठीला बिलगला. मागून एक लांब भिजलेला पिसारा येऊन गळ्याभोवती गुंडाळला गेला. मुराररावाने शेपटीकडची बाजू पकडली. भोपळे पुढे, मोकळे, मजेत वाहत चालले होते.

"विसोबा, मला सोडू नका," अस्वल ओरडत होतं.

"पाठ द्या हो, जरा पाठ द्या," मोर ओरडत होता.

"आधी मला," मुरारराव ओरडत होता. "मी संचालक आहे."

ससा काहीच ओरडत नव्हता. तो समोरून वाहत चालला होता आणि त्याचे फक्त दोन कान वर होते. विसोबाचे पाय पाणी मारण्यात गुंतले होते. त्याने मान पुढे काढली आणि एक कान दातांत धरला.

असा तो निघाला. पाठीवर अस्वल, गळ्यात मोर, मागे संचालक, तोंडात ससा. आई-आईच्या सगळ्या खडकांवरून तो आपटत, वळत, तरंगत खाली आला आणि पुढे जिथे पाणी संथ होतं तिथे काठाला लागला.

सगळे वाळूवर पडले. ज्याच्या त्याच्या मुठीत भेंडाचे तुकडे होते. विसोबाच्या पाठीवर एकही उरला नव्हता.

गुलाबरावाने पाणी ओकलं आणि त्याचे डोळे भरून आले. "विसोबा," तो म्हणाला, "आज तुम्ही नसता तर..."

"ते नंतर बोलू," मुरारराव चटकन म्हणाला. तो उंबराच्या फांदीकडे बघत होता. हळूहळू सगळे तिकडे बघू लागले. चिमा मान डोलवत होती. तिने सगळं नीट ऐकलेलं दिसत होतं.

नंतर कुणी कुणाच्या डोळ्यांत न बघता आपापल्या घरी गेलं.

विसोबा घरी आला तो आनंदात. त्याने बायकोला सगळं सांगितलं. अनसूयेने त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा विचार केला आणि काटे पाहून नुसतं बघितलं.

"आणि किंकाळी?" तिने विचारलं.

विसोबाचा चेहरा उतरला. हे त्याच्या लक्षातच नव्हतं.

"तोंडात कान होता," तो म्हणाला.

"कुणाचा?"

"तात्यांचा."

अनसूया खाली बसली. "अहो, आयुष्यातला एखादा तरी दिवस स्वतःसाठी तोंड रिकामं ठेवायचं होतं."

सोमवारी वडाखाली सभा भरली. टेकडीपलीकडून चंद्राक्का आली होती. ती पुढे बसली. तिचे यजमान तिच्या मागे बसले. उत्तमने बरोबर विचार करून डावा कान सभेकडे केला आणि उजवा शेवंतीकडे. विसोबा हत्तीच्या पाठीमागे जात होता, पण चंद्राक्काने त्याला हाक मारून पुढे बसवलं.

चिमा फांदीवर आली. ती कलावंत होती, पदरचं काही घालत नसे. तिने घसा साफ केला आणि अस्वलाचा आवाज काढला. "विसोबा, मला सोडू नका." मग मोराचा. "पाठ द्या हो, जरा पाठ द्या." मग कोल्ह्याचा. "आधी मला. मी संचालक आहे."

अशा किंकाळ्या आजवर कुणी ऐकल्या नव्हत्या. यांत शब्द होते.

मुरारराव उठला. त्याने रात्रीत विचार केलेला दिसत होता.

"मित्रहो," तो म्हणाला, "काल आमच्या नावेतले विसोबा पाण्यात पडले. पहिलीच वेळ त्यांची. आम्ही चौघांनी मागेपुढे न बघता उड्या टाकल्या."

विसोबाने इकडेतिकडे बघितलं. दुसरा कुणी विसोबा आला आहे का, असं त्याला वाटलं.

"गुलाबरावांनी त्यांना पाठीकडून घट्ट धरलं. ते धीर सोडत होते, म्हणून गुलाबराव त्यांना सारखं सांगत होते, मला सोडू नका."

"सांगत होतो," अस्वल जमिनीकडे बघत म्हणालं.

"राजाभाऊंनी पिसारा त्यांच्या गळ्यात टाकला, दोरासारखा. आणि म्हणाले, पाठ द्या. म्हणजे उचलता येईल."

"पिसारा कायमचा गेला," मोर म्हणाला. "पण जीव महत्त्वाचा."

"आणि तुम्ही 'आधी मला' म्हणालात ते?" मागून हत्तीने विचारलं.

"मरायची वेळ आली तर आधी मला मरू द्या," मुरारराव खाली मान घालून म्हणाला. "मी संचालक आहे."

बायकांनी डोळे पुसले. मग तात्या ससा उठला. त्याच्या कानावर दातांच्या खुणा होत्या. तो बराच वेळ उभा राहिला. खरं सांगायचं की नाही, असं त्याच्या मनात चाललं असावं. मग त्याने सभेकडे पाहिलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. आजवर कुणी त्याच्याकडे इतका वेळ बघितलं नव्हतं, एक वाघ सोडला तर.

"यांना धरायला काही सापडेना," तात्या म्हणाला, "म्हणून मी माझा कान दिला."

टाळ्यांनी वड हलला.

चंद्राक्का मात्र टाळ्या वाजवत नव्हती. "हे सगळं ठीक आहे," ती म्हणाली. "वाचवणारे थोर आहेत. पण मुलीच्या वडिलांची किंकाळी कुठे आहे?"

चिमाने मान हलवली. "विसोबांचा आवाज माझ्याकडे नाही. मी थापा मारत नाही."

"बुडताना किंचाळलेसुद्धा नाहीत?" चंद्राक्काने विसोबाकडे वळून विचारलं. "इतका थंड माणूस व्याही म्हणून कसा चालेल?"

"माझ्या तोंडात," विसोबा म्हणाला. त्याला सगळं सांगायचं होतं. "माझ्या तोंडात..."

"बघा," मुरारराव घाईने म्हणाला. "अजून बोलता येत नाही. धक्का बसलाय. गुलाबराव, सांभाळा त्यांना."

गुलाबराव आधीच भरून आला होता. आपण किती थोर आहोत हे त्याला नुकतंच कळलं होतं. "विसोबा, माझ्या भावा," असं म्हणून तो धावला आणि त्याने विसोबाला दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारली.

काट्यांवर भेंड उरलं नव्हतं, हे तुमच्या लक्षात असेल. त्याच्या नव्हतं.

जी किंकाळी उठली ती त्या जंगलाने पूर्वी ऐकली नव्हती. माकडं फांद्यांवरून पडली. हत्ती उठून उभा राहिला, त्यामुळे मागच्यांना पहिल्यांदा सभा दिसली. दूर खडकावर झोपलेला वाघ दचकून जागा झाला आणि स्वतःकडे बघू लागला, की आपण काही केलं का.

मग सगळं शांत झालं. अस्वलाच्या दाट केसांत विसोबा पार बुडून गेला होता. बाहेर नुसते पाय दिसत होते. आवाज नेमका कुणाच्या तोंडून आला, ते कुणालाच दिसलं नव्हतं.

"हा आवाज कुणाचा?" चंद्राक्काने विचारलं.

गुलाबरावाच्या छातीत आणि पोटात काटे रुतले होते. आता तो वाचवणारा वीर होता. कोरड्या जमिनीवर, दिवसाढवळ्या, मिठी मारताना आपण किंचाळलो, असं वीराने कसं सांगायचं? त्याने दात आवळले.

"विसोबांचा," तो म्हणाला. "कालची भीती आज बाहेर पडली."

चिमा फांदीवरून खाली आली आणि विसोबाच्या अगदी तोंडापुढे बसली. "तुमचाच ना? मी उगाच कुणाचा आवाज कुणाच्या नावावर लावत नाही. तुम्ही सांगा, तसं लक्षात ठेवीन."

विसोबाने अस्वलाच्या बगलेतून डोकं बाहेर काढलं. समोर मुरारराव होता, मोर होता, तात्या ससा एक कान खाली पाडून उभा होता. त्यांच्या डोळ्यांत पाण्यात होती तशीच भीती होती. यांना दुसऱ्यांदा बुडू द्यायचं का, एवढाच प्रश्न होता. मग त्याने शेवंतीकडे बघितलं. ती उत्तमच्या उजव्या बाजूला बसली होती.

"माझाच," विसोबा म्हणाला. "आणि या सगळ्यांनी मला वाचवलं."

चंद्राक्काने पदर डोळ्यांना लावला. "अशी किंकाळी आमच्या घराण्यातही कुणी दिली नाही," ती म्हणाली.

"काय आवाज होता," उत्तम म्हणाला. "मला डाव्या कानाने ऐकू आला."

चंद्राक्काच्या मागून मुलाचे वडील पहिल्यांदाच बोलले. "मग कंद आणा," ते म्हणाले.

लग्न थाटात झालं. बाशिंगासाठी अनसूयेला पुन्हा दलदलीत जाऊन भेंड आणावं लागलं, कारण आधीचे तुकडे कुणी परत देईना. मुराररावाने आपला तुकडा दारावर टांगला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "विसोबांना वाचवलं, त्याची आठवण." तात्याने आपला कान पुढे कधीच सरळ केला नाही. गुलाबरावाने तर छातीतले काटे काढूच दिले नाहीत. मानाचे म्हणून ठेवले. थंडीत दुखायचे, पण सभेत शोभायचे.

चिमा दर सोमवारी विसोबाची किंकाळी शेवटी ऐकवू लागली. कारण ती झाल्यावर दुसऱ्या कुणाची ऐकायला कुणी थांबत नसे. विसोबा पहिल्या ओळीत बसायचा. तिथे ऊन चांगलं यायचं.

रविवारी तो नावेत जायचा. अनसूया शनिवारी भेंड लावून द्यायची. त्याची मधली जागा राखीव होती. लोक महिना महिना आधी सांगून ठेवत, "या रविवारी विसोबांना आम्ही वाचवणार." मग आई-आईपाशी कुणीतरी उभं राहायचं, नाव उलटायची आणि सगळे मिळून विसोबाला वाचवायला त्याच्या पाठीवर चढायचे.

एके दिवशी काठाजवळ पाणमांजराने त्याला गाठलं. "विसोबा, मी खालून सगळं बघतो," ते म्हणालं. "कोण कुणाला वाचवतं ते मला ठाऊक आहे. तुम्ही एकदा तरी बोलत का नाही?"

विसोबा पाठीवरचं एक भेंड नीट बसवत होता.

"तुम्हाला मुलगी आहे?" त्याने विचारलं.

"आहे. लहान आहे अजून."

"मग थोडे दिवस थांबा," विसोबा म्हणाला आणि नावेत जाऊन बसला.

तात्पर्य : बुडणाऱ्याला वाचवावं, यात काही वाद नाही. फक्त काठावर आल्यावर तो शुद्धीवर यायच्या आत आपण बेशुद्ध व्हावं.